ओला हिवाळा आणि राबाचा फाल्गुन

कल्याण, मुरबाड, शहापूर या पट्ट्यातील भातशेतीचे वर्ष आपण शहरातली माणसे मृगापासून मोजतो. शेतकऱ्याचे वर्ष शिशिर सरतानाच सुरू होते. भाताचे रोप ज्या तुकड्यात वाढवायचे, तो तुकडा पावसाआधी भाजावा लागतो. हाच राब. १८८२ साली निघालेल्या ठाणे जिल्ह्याच्या गॅझेटियरमध्ये या पद्धतीची नोंद आहे.

तळाशी वाळलेले शेण, त्यावर ऐनासारख्या झाडांची टहाळे, त्यावर गवत किंवा पातेरा आणि सर्वांत वर बारीक मातीचा थर. विस्तव वाऱ्याच्या उलट बाजूने लावायचा, म्हणजे आग धावत नाही, धुमसत राहते. तणाचे बी जळते, राख मातीत मिसळते, जमीन भुसभुशीत होते. आवणीला रोप मुळासकट सहज उपटून येते.

या साऱ्याला कोरडेपणा लागतो. पौष-माघात अवकाळी पाऊस झाला की तोडून रचलेली टहाळे कुजतात, शेण भिजते, पेंढ्याची उडवी आतून काळी पडते. भातानंतरच्या ओलीवर पेरलेल्या वालाचा फुलोराही गळतो. डिसेंबर २०२१ च्या आरंभी ठाणे-मुंबईत पाऊस झाला, तेव्हा मुरबाडकडच्या एका वयस्क शेतकऱ्याने मला सांगितले, ‘वाल गेला तर पैसा जातो, राब भिजला तर पुढचं साल जातं.’ मोठ्या खातेदाराकडे शेणाचा आणि पेंढ्याचा जादा साठा असतो. दोन-चार गुंठ्यांवर रोप करणाऱ्याला मात्र पुन्हा रानात जावे लागते.

एकोणिसाव्या शतकातला तंटा इथेच समजून घेतला पाहिजे. १८५४ साली रेल्वे कल्याणला पोचली. मुंबईची सरपणाची आणि इमारती लाकडाची भूक वाढत होती. १८७८ च्या वन कायद्याने राखीव रानाची चौकट घट्ट केली. टहाळ तोडणे हा आता हक्क की सवलत, असा वाद उभा राहिला. ठाणे आणि कुलाबा जिल्ह्यांतील तक्रारींमुळे १८८५ साली सरकारला मुंबई वन आयोग नेमावा लागला. त्याचा अहवाल १८८७ चा. भातखाचरांबरोबर कसली जाणारी वरकस जमीन आणि तिच्यावरची झाडे यांचा प्रश्न त्यात महत्त्वाचा होता. पुढे शेतीशास्त्रज्ञ व्होल्कर यांनी १८९३ च्या अहवालात राबाची चर्चा केली, आणि त्याला निव्वळ अडाणीपणा मानले नाही.

माझ्या मते या वादात एक गोष्ट दुर्लक्षिली गेली. सरकारी कागद राबाकडे ‘किती लाकूड जाते’ या नजरेने पाहतो. लहान शेतकऱ्याचा प्रश्न ‘केव्हा मिळते’ हा होता. कोरड्या वर्षी परवानगीची वाट पाहता येते. ओल्या हिवाळ्यानंतर तोडलेले वाया गेलेले असते आणि वैशाख दारात असतो. नियम सालभर एकच, हवा मात्र दरसाल वेगळी.

१९५० नंतर जपानी भातलागवडीचा प्रचार झाला, पुढे रासायनिक खते आली, आणि राब मागे सरला. झाडांची छाटणी आणि धूर यांवरचे आक्षेपही खोटे नाहीत. डोंबिवलीभोवतीच्या गावांत तर खाचरांवर इमारती उभ्या आहेत. पण राब भाजलेली माणसे अजून हयात आहेत. कोणत्या वर्षी राब भिजला, तेव्हा त्यांनी काय केले, हे विचारून लिहून ठेवले पाहिजे. वन खात्याच्या दप्तरात ही बाजू सापडणार नाही.