करारातले मध्यस्थीचे कलम : एका वाक्याची किंमत

मागच्या व्याख्यानात आपण लवादाचा इतिहास पाहिला. आज मध्यस्थीकडे वळू. फरक थोडक्यात सांगायचा तर लवाद निवाडा देतो. मध्यस्थ निवाडा देत नाही, तो दोन्ही बाजूंना तडजोडीपर्यंत आणतो. आता प्रश्न असा : दोन देशांतल्या कंपन्या करारात लिहितात, ‘वाद झाला तर आधी मध्यस्थी करू.’ या वाक्याची कायद्यात किंमत किती?

इंग्लंडपुरतं बोलायचं तर बराच काळ फारशी नव्हती. १९९२ मध्ये वॉलफर्ड विरुद्ध माइल्स या खटल्यात हाउस ऑफ लॉर्ड्सने सांगितलं, की नुसतं वाटाघाटी करण्याचं वचन बंधनकारक नसतं. बघा, वाटाघाटीत प्रत्येक जण आपलाच फायदा पाहणार. तो बैठकीतून उठून गेला तर वचन मोडलं का, हे न्यायालयाने ठरवायचं कशावरून?

२००२ मध्ये केबल अँड वायरलेस आणि आयबीएम यांचा वाद आला. त्यांच्या कलमात लंडनच्या ‘सेडर’ या संस्थेने सुचवलेली पद्धत वापरू, असं होतं. न्या. कोलमन यांनी ते कलम मान्य केलं. संस्था ठरलेली, पद्धत ठरलेली. मग ती पाळली की नाही हे तपासता येतं.

याच्या उलट २०१२ चा सुलामेरिका खटला. ब्राझीलमधल्या जिराऊ जलविद्युत प्रकल्पाचा विमा होता. आधी मध्यस्थी, मग लंडनमध्ये लवाद, असा क्रम करारात होता. पण मध्यस्थ कोण, तो नेमायचा कसा, याबद्दल अक्षर नाही. अपील न्यायालय म्हणालं, हे कलम बंधनकारक नाही. लवादाची वाट मोकळी. म्हणजे हेतूबद्दल शंका नव्हती, पण तपशिलावाचून कलम कोसळलं.

बरं, समजा मध्यस्थी झाली, तडजोडीवर सह्याही झाल्या. पुढे समोरच्याने पैसेच दिले नाहीत तर? लवादाच्या निवाड्यामागे १९५८ चा न्यूयॉर्क करार उभा आहे. तडजोड मात्र नुसता नवा करार. त्यावर परदेशात पुन्हा दावा लावायचा. ही उणीव भरायला संयुक्त राष्ट्रांनी २०१८ मध्ये सिंगापूर करार स्वीकारला. ७ ऑगस्ट २०१९ रोजी पहिल्याच दिवशी ४६ देशांनी सही केली. त्यांत भारत, चीन, अमेरिका होते. १२ सप्टेंबर २०२० पासून तो लागू झाला.

पण सही म्हणजे अनुसमर्थन नव्हे. भारताने २०२३ मध्ये मध्यस्थी कायदा केला, तेव्हाही ते झालेलं नव्हतं. शिवाय तो कायदा भारतात झालेल्या मध्यस्थीपुरता आहे. त्यामुळे मुंबईचा निर्यातदार करारावर सही करतो तेव्हा मध्यस्थ कोण नेमणार, किती दिवसांत आणि मुख्य म्हणजे कुठल्या शहरात, हे त्याने आधीच लिहून घ्यायला हवं. ‘सामोपचाराने मिटवू’ एवढ्यावर भागत नाही, हेच आपण आजच्या खटल्यांतून पाहिलं.