फळांची तपासणी कोणासाठी?

वर्धा-नागपूर रस्त्यावरचे सेलू एकेकाळी केळीसाठी ओळखले जाई. फळांच्या शुद्धतेचा इतिहास पाहायचा तर केळीपासून सुरुवात करणे सोयीचे, कारण हे फळ झाडावर पिकू देत नाहीत. घड कच्चाच उतरवायचा आणि वखारीत पिकवायचा. मळा आणि ग्राहक यांच्यामध्ये वखार येते, आणि तिथे काय घडते ते ग्राहकाला दिसत नाही.

जुन्या वखारीत बंद खोलीत घड रचून गोवऱ्यांची धुरी देत. धुरातील इथिलीनसारख्या वायूंमुळे फळ पिके. पुढे व्यापाऱ्यांच्या हाती कॅल्शियम कार्बाइड आले. ओलावा लागताच त्यातून ॲसिटिलीन वायू निघतो आणि साल झपाट्याने पिवळी होते. पण बाजारातल्या कार्बाइडमध्ये आर्सेनिक व फॉस्फरसचे अंश असतात. म्हणून अन्नभेसळ प्रतिबंधक नियमांत या वायूने फळे पिकवण्यास मनाई झाली आणि २०११च्या अन्नसुरक्षा नियमांतही ती कायम राहिली. २०१६मध्ये इथिलीन वायूला दर दशलक्ष भागांत १०० भागांपर्यंत परवानगी मिळाली. म्हणजे सुरक्षित पर्याय कायद्यात स्पष्टपणे यायला मनाईनंतर बराच काळ गेला.

फवारणीची कथा याहून गंभीर आहे. १९५८मध्ये मुंबईहून जहाजाने केरळात गेलेल्या गव्हाच्या पिठात पॅराथिऑन हे कीटकनाशक मिसळले गेले आणि शंभरावर माणसे दगावली. त्यानंतर दहा वर्षांनी, १९६८मध्ये, कीटकनाशक कायदा झाला. २००५मध्ये मोनोक्रोटोफॉसचा भाजीपाल्यावरील वापर बंद करण्यात आला; कपाशीसाठी मात्र ते विकले जात राहिले. वर्धा-यवतमाळसारख्या कपाशीच्या मुलखात या मनाईची मर्यादा सहज ध्यानात येते. बाटली तीच, दुकान तेच. ती कोणत्या पिकावर रिकामी होईल हे दुकानदाराला कसे कळणार? २०१७मध्ये शेजारच्या यवतमाळ जिल्ह्यात फवारणी करताना विषबाधा होऊन वीसहून अधिक शेतकरी-शेतमजुरांचा बळी गेला. फळावरच्या सूक्ष्म अंशांची चर्चा करताना, तेच विष अंगावर घेणारा मजूर विसरता येत नाही.

मग महाराष्ट्रात काटेकोर तपासणी कुठे उभी राहिली? द्राक्षांत. २००३मध्ये नेदरलँड्समध्ये भारतीय द्राक्षांत कीडनाशकांचे उर्वरित अंश आढळले आणि निर्यात धोक्यात आली. त्यानंतर अपेडा या निर्यात प्राधिकरणाने तपासणीची योजना आखली. पुण्याजवळ मांजरीच्या राष्ट्रीय द्राक्ष संशोधन केंद्रातील प्रयोगशाळा या कामातील मुख्य संदर्भ प्रयोगशाळा ठरली. २००६मध्ये ‘ग्रेपनेट’ आले: बागेची नोंदणी, काढणीपूर्वी नमुना आणि पेटीवरून थेट बागेपर्यंत माग. तरीही २०१०मध्ये युरोपने माल अडवला. वेलीची वाढ आटोक्यात ठेवणारे क्लोरमेक्वाट हे संजीवक तेव्हा तपासणीच्या यादीत नव्हते आणि युरोपची मर्यादा किलोला ०.०५ मिलिग्रॅम होती. बागायतदार व निर्यातदारांना मोठी झळ बसली. पण लगेच ते संजीवक यादीत आले आणि व्यवस्था अधिक पक्की झाली.

हीच तत्परता घरच्या भाजीला मिळाली नाही. केंद्र सरकारची उर्वरित अंश तपासण्याची राष्ट्रीय योजना २००५-०६पासून आहे. तिच्यात बाजारातले नमुने प्रयोगशाळेत जातात. पण निष्कर्ष येईपर्यंत ती भाजी शिजून, खाऊन झालेली असते. निर्यातीच्या द्राक्षाची परीक्षा वेलीवर असताना होते, तर आठवडी बाजारातल्या वांग्याची झालीच तर ते विकले गेल्यावर. पहिल्या परीक्षेत माल थांबतो, दुसऱ्या परीक्षेत केवळ आकडा तयार होतो. हा फरक यंत्रांचा किंवा ज्ञानाचा नाही, कारण दोन्ही आपल्याकडे आहेत. रॉटरडॅमचा खरेदीदार माल परत पाठवू शकतो. सेलूची गृहिणी फार तर पुढच्या दुकानाकडे वळते, आणि तिथली भाजीही तशीच अनोळखी असते.

या प्रश्नाचा विचार वर्ध्यात फार पूर्वी झाला होता. मगनवाडीत अखिल भारतीय ग्रामोद्योग संघाचे काम पाहणारे जे. सी. कुमारप्पा यांनी १९३६च्या सुमारास असे मांडले की, वस्तू विकत घेणारा तिच्या उत्पादनातील अन्यायाचाही वाटेकरी होतो. म्हणून ती कुठून व कशी आली हे त्याला कळले पाहिजे. ‘ग्रेपनेट’ने पेटीवरच्या क्रमांकातून हेच साधले, पण परदेशी ग्राहकासाठी. बाजार समितीत येणाऱ्या भाजीसोबत शेताचे नाव व शेवटच्या फवारणीची तारीख लिहून आली, आणि काही नमुने काढणीआधी तपासले गेले, तर तोच हक्क घरच्या ग्राहकाला मिळेल. फवारणाऱ्या मजुराचेही त्यात रक्षण आहे, कारण तारीख लिहावी लागली की औषधाचे नाव आणि प्रमाणही विचारले जाते.