स्पेक्ट्रिन: तीच घडी, पुन्हा पुन्हा

कोडमध्ये कॉपी-पेस्ट दिसलं की मी वैतागतो. पेशीच्या सांगाड्यात मात्र तेच चालतं. १९८४ मध्ये स्पायचर आणि मार्चेसी यांना तांबड्या पेशींतल्या स्पेक्ट्रिनमध्ये सुमारे १०६ अमिनो आम्लांचा तुकडा एकामागोमाग एक सापडला. प्रत्येक तुकडा म्हणजे तीन मळसूत्रांची जुडी.

पण इतक्या आवृत्त्या कशाला? वाकून अंगठे धरले की पायातले चेतातंतू ताणले जातात, तरी तुटत नाहीत. पुण्याच्या आयसरचे अर्णब घोष आणि बंगळुरूचे प्रमोद पुल्लारकट यांच्या गटांनी कोंबडीच्या भ्रूणातले चेतातंतू काचेच्या बारीक काडीने ओढून पाहिले. २०२० मधला त्यांचा निष्कर्ष: ताणाखाली हे तुकडे उलगडतात, ताण सैल करतात आणि नंतर पुन्हा घडी घालतात. आमच्या मढला बोटीच्या दोराला ढील देतात ना, ओहोटीत झटका बसू नये म्हणून? तशीच ही ढील, फक्त घडी घालून ठेवलेली.