बूच वर का आले? : चाकातल्या तेलाची गोष्ट

बैलगाडीखाली लटकणारा वंगणाचा नळा ज्यांनी लहानपणी पाहिला आहे, असे शिक्षक आता थोडेच उरले असतील. गाडी करकरू लागली की गाडीवान खाली उतरायचा, आखाला वंगण फासायचा आणि पुढे निघायचा. ते तेल तिथे नेमके काय करते, असे त्याला विचारले असते तर ‘चाक हलके चालते’ एवढेच उत्तर मिळाले असते. गंमत अशी, की सव्वाशे-दीडशे वर्षांपूर्वी एखाद्या निष्णात रेल्वे इंजिनिअरला विचारले असते, तरी उत्तर याहून फार वेगळे आले नसते.

वंगणाचा वापर मात्र फार जुना. इजिप्तमध्ये जेहुतीहोतेप नावाच्या अधिकाऱ्याच्या सुमारे ३९०० वर्षांपूर्वीच्या थडग्यात एक प्रसिद्ध चित्र आहे. प्रचंड पुतळा घसरगाडीवर ठेवून माणसांच्या रांगा तो ओढत आहेत आणि गाडीच्या पुढच्या टोकावर उभा असलेला एक जण वाळूवर पाणी ओततो आहे. २०१४ मध्ये ॲमस्टरडॅम विद्यापीठातील भौतिकशास्त्रज्ञांनी प्रयोग करून दाखवले, की वाळूत योग्य प्रमाणात ओल असेल तर घसरगाडी ओढायला लागणारे बल निम्म्यावर येते. म्हणजे कसे करायचे ते माणसाला ठाऊक होते. का होते, हे कळायला मात्र एका बुचाची वाट पाहावी लागली.

टॉवरचे बूच

एकोणिसाव्या शतकात रेल्वे आली आणि आसांचे प्रश्न गंभीर झाले. डब्याचे सारे वजन आसांच्या टोकांवर. तिथे पितळी बुश आणि लोखंडी आस एकमेकांवर घासत. तेल कमी पडले की पेटी तापे, कधी पेटही घेई. तेव्हा ब्रिटनमधील इन्स्टिट्यूशन ऑफ मेकॅनिकल इंजिनिअर्स या संस्थेने घर्षणाचा अभ्यास करण्याचे काम बोचँप टॉवर या इंजिनिअरकडे सोपवले. त्याचा पहिला अहवाल १८८३ मध्ये प्रसिद्ध झाला.

टॉवरचे उपकरण सोपे होते. चार इंच व्यासाचा आडवा आस फिरत राही. त्याच्या वर जुन्या नळीच्या कौलासारखा पितळेचा अर्धा बुश पालथा ठेवलेला असे आणि त्यावर वजन टाकलेले असे. आसाची खालची बाजू तेलाच्या भांड्यात बुडलेली असे. फिरताना आस स्वतःच तेल वर घेऊन जाई. या पद्धतीला त्याने ‘ऑइल बाथ’ म्हटले, म्हणजे आसाला तेलाची आंघोळ. वातीने थेंब थेंब तेल सोडणे किंवा खालून तेलाची गादी टेकवणे या रूढ पद्धतींपेक्षा ऑइल बाथमध्ये घर्षण सहा ते सात पटींनी कमी भरले.

पण खरी गोष्ट पुढेच आहे. वरून तेल घालता यावे म्हणून टॉवरने बुशाच्या माथ्यावर अर्ध्या इंचाचे भोक पाडले. यंत्र सुरू केले, तर तेल आत जायच्याऐवजी भोकातून वर येऊन सांडू लागले. त्याने भोकाला बूच मारले. ते वर ढकलले गेले. मग लाकडी खुंटी ठोकली. तीही हळूहळू वर आली. आपण असतो तर कदाचित आणखी घट्ट खुंटी ठोकली असती. टॉवरने तिथे दाबमापक बसवला. काटा दर चौरस इंचाला २०० पौंडांच्या पलीकडे गेला, म्हणजे हवेच्या दाबाच्या जवळजवळ चौदा पट. बुशावर टाकलेल्या वजनाचा सरासरी दाब मात्र १०० पौंडच होता.

याचा अर्थ काय? तेल नुसते दोन धातूंच्या मध्ये माखलेले नव्हते. तेलाच्या पातळ थराने बुश आणि त्यावरचे वजन अक्षरशः उचलून धरले होते. धातू धातूला टेकतच नव्हता.

रेनॉल्ड्सची पाचर

हा दाब येतो कुठून, याचे गणित १८८६ मध्ये मँचेस्टरच्या ऑस्बोर्न रेनॉल्ड्सने मांडले. बुशाची आतली गोलाई आसापेक्षा किंचित मोठी असते. त्यामुळे दोन्हींमधली फट सगळीकडे सारखी नसते, ती पाचरीसारखी निमुळती होत जाते. तेल आसाला चिकटून त्याच्याबरोबर ओढले जाते आणि रुंद फटीतून अरुंद फटीत कोंबले जाते. ते दाटसर असल्यामुळे बाजूंनी चटकन निसटू शकत नाही. म्हणून दाब वाढतो आणि वजन तरंगते.

पावसाळ्यात पाणी साचलेल्या रस्त्यावर वेगाने जाणारी मोटार घसरते, तेव्हा हेच घडते. टायरखाली पाण्याची पाचर शिरते आणि टायर रस्त्यापासून उचलला जातो. रस्त्यावर जे जीवघेणे, तेच बेअरिंगमध्ये हवेहवेसे!

यासाठी तीन गोष्टी हव्यात : वेग, पुरेसे दाट तेल आणि निमुळती फट. चाक थांबले की वेग संपतो, थर विरतो आणि धातू धातूवर बसतो. म्हणून अशा बेअरिंगची झीज मुख्यतः सुरू होताना आणि थांबताना होते.

घासण्याऐवजी लोळणे

याच अडचणीवर दुसरा मार्ग होता. फिलिप व्हॉन या वेल्समधील माणसाने १७९४ मध्येच गाडीच्या आसात गोळ्या बसवण्याचे पेटंट घेतले होते. पण सगळ्या गोळ्या तंतोतंत सारख्या नसतील तर मोठ्या गोळीवरच सारा भार येतो. हे जमायला १८८३ साल उजाडले. ज्या वर्षी टॉवरचे बूच प्रसिद्ध झाले, त्याच वर्षी जर्मनीतील श्वाइनफुर्ट येथे फ्रीडरिश फिशरने पोलादी गोळ्या एकसारख्या घासून काढणारे यंत्र केले. सायकलच्या हबमधले छर्रे आपल्यापर्यंत पोचले ते या वाटेने.

पुढे १८९८ मध्ये अमेरिकेतील बग्ग्या बनवणारे हेन्री टिमकेन यांनी निमुळत्या रोलरच्या बेअरिंगचे पेटंट घेतले. वळणावर चाकाला वरून भार असतोच, शिवाय बाजूनेही रेटा बसतो. निमुळते रोलर हे दोन्ही सोसतात. आज मोटारी, ट्रक आणि ट्रेलर यांच्या चाकांत ही बेअरिंगे सर्रास आढळतात.

रोलर लोळतात, मग तेल कशाला? कारण तिथेही थर लागतोच. फक्त तो फार पातळ असतो, बहुधा एका मायक्रॉनहूनही कमी. रोलर आणि कडे जिथे टेकतात तिथला दाब हवेच्या दाबाच्या हजारो पट असतो. त्या दाबाखाली पोलाद किंचित चपटे होते आणि तेल कमालीचे घट्ट बनते. १९५९ मध्ये ब्रिटनच्या डाउसन आणि हिगिन्सन यांनी याचे गणित सोडवून दाखवले. इतक्या पातळ थरात पाण्याचा अंश किंवा वाळूचा कण शिरला तर काय होईल, ते सांगायला नकोच.

पाण्यात उतरणारे चाक

आता एक असे चाक पाहू, ज्याला ही कसोटी वारंवार द्यावी लागते. अमेरिकेत आणि इतरही काही देशांत हौशी मच्छीमार आपली होडी घरच्या अंगणात ठेवतात. सुटीच्या दिवशी ती दुचाकी ट्रेलरवर लादून शंभर-दोनशे किलोमीटर नेतात. तलावावर किंवा समुद्रकाठी पोचल्यावर ट्रेलर उतारावरून मागे मागे ढकलत चाकांसकट पाण्यात उतरवतात, म्हणजे होडी तरंगते.

चाकाचा हब प्रवासात तापलेला असतो. तापताना आतली हवा प्रसरण पावते आणि तिच्यातली थोडी सीलच्या ओठातून हळूहळू बाहेर निसटते. मग तो गरम हब एकदम थंड पाण्यात बुडतो. थोडे गणित करू. आतली हवा ७० अंश सेल्सिअसवर, म्हणजे ३४३ केल्व्हिनला आहे आणि तिचा दाब बाहेरच्या हवेइतका आहे असे धरू. ती २० अंशांवर, म्हणजे २९३ केल्व्हिनला आली. आकारमान तेच राहिले तर दाब २९३ भागिले ३४३, म्हणजे मूळच्या सुमारे ८५ टक्के होईल. घट १५ टक्क्यांची. हवेचा पूर्ण दाब सुमारे दहा मीटर पाण्याइतका असतो, तेव्हा ही घट दीड मीटर पाण्याच्या दाबाइतकी झाली. चाक बुडते ते जेमतेम तीस-चाळीस सेंटिमीटर. म्हणजे पाणी आत घुसते ते खोलीमुळे कमी आणि हब स्वतःच ते ओढून घेतो म्हणून जास्त!

हा प्रयोग वर्गात करता येईल. काचेची छोटी बाटली कोमट, मग गरम पाण्याने विसळून रिकामी करा. रबरी बुचातून पेनाची रिकामी कांडी आरपार घाला आणि बूच घट्ट बसवा. कांडीचे टोक रंगीत पाण्यात बुडवून बाटली उलटी धरा आणि ओल्या फडक्याने गार करा. (उकळते पाणी वापरू नका, काच तडकेल.) रंगीत पाणी कांडीतून वर चढेल. कांडी हे सील आहे असे समजा आणि बाटली हा हब.

ग्रीस की तेल?

या दुखण्यावर लोकांनी वेगवेगळे उपाय केले. बहुतेक ट्रेलरांत ग्रीस भरतात. ग्रीस म्हणजे साबणासारख्या पदार्थाच्या जाळीत धरून ठेवलेले तेल, जणू स्पंजातले पाणी. ते जागचे हलत नाही, सील थोडे खराब झाले तरी वाहून जात नाही. काही टोप्यांमध्ये स्प्रिंग असते, ती ग्रीसवर सतत किंचित दाब ठेवते. पण आत पाणी शिरले आहे का, हे बाहेरून कळत नाही. चाक उघडावे लागते.

दुसरा उपाय म्हणजे टॉवरची आंघोळ. हबमध्ये ग्रीसऐवजी तेल ठेवायचे आणि टोकाला पारदर्शक टोपी बसवायची. तेल टोपीवरच्या खुणेपर्यंत, साधारण मध्यरेषेच्या थोडे वर असते. चाक फिरले की रोलर त्यात बुडून निघतात आणि तेल सगळीकडे उडते. उष्णताही तेलाबरोबर हबभर पसरते. मोठ्या मालट्रकांच्या चाकांतही अशी व्यवस्था असते.

इथली देखभाल म्हणजे मुख्यतः पाहणे. ट्रेलर सपाट जागी उभा करायचा, तेल स्थिरावू द्यायचे आणि टोपीत डोकवायचे. तेल स्वच्छ आणि खुणेवर असेल तर ठीक. ताकासारखे दुधाळ झाले असेल तर पाणी शिरले आहे. तेल काढून टाकायचे, सील बदलायचे, बेअरिंग तपासायचे. त्यात चमचमणारी कणी दिसली तर धातू झिजतो आहे. पातळी उतरली असेल तर चाकाच्या आतल्या बाजूला तेलाचा ओघळ शोधायचा. सील जिथे टेकते तिथे आसावर गंजाचा खडबडीतपणा असेल तर नवे सीलही टिकत नाही. वाटेत थांबल्यावर दोन्ही हबांजवळ हात नेऊन पाहायचे. एक दुसऱ्यापेक्षा फार गरम असेल तर काहीतरी बिघडले आहे. आणि पाण्यात उतरवण्यापूर्वी हब निवू द्यायचे. याचे कारण वरच्या गणितात आहेच.

ऑइल बाथचा दोषही सांगायला हवा. सील फाटले तर ग्रीस रेंगाळते, तेल मात्र निघून जाते. ट्रेलर महिनोन्महिने उभा राहिला तर वरचे रोलर कोरडे पडतात, त्यामुळे अधूनमधून चाके फिरवावी लागतात. ही व्यवस्था पाहणाऱ्यालाच फळते.

न पाहिल्याची किंमत

एवढ्याशा गोष्टीचे एवढे काय, असे वाटेल. ६ सप्टेंबर १९४३ रोजी अमेरिकेत फिलाडेल्फियाजवळ वॉशिंग्टनहून न्यूयॉर्कला जाणाऱ्या भरधाव गाडीच्या एका आसाची पेटी पेटली. यार्डातल्या लोकांनी ती जळताना पाहिली, पुढे फोनही केला. पण निरोपाचा उपयोग होण्यापूर्वी आस तुटला. ७९ माणसे मेली.

आता रुळांलगत तापमान मोजणारी यंत्रे असतात. तरीही ३ फेब्रुवारी २०२३ रोजी ओहायो राज्यातील ईस्ट पॅलेस्टाइन येथे मालगाडीचे ३८ डबे घसरले. त्यांतल्या काहींत घातक रसायने होती आणि लोकांना घरे सोडावी लागली. कारण चाकाचे एक तापलेले बेअरिंग. वाटेतल्या तीन यंत्रांनी ते भोवतालच्या हवेपेक्षा अनुक्रमे सुमारे २१, ५७ आणि १४१ सेल्सिअस अंशांनी गरम असल्याचे नोंदवले होते. दुसरा आकडा गाडी थांबवण्याइतका मोठा मानला जात नव्हता. तिसरे यंत्र त्यापुढे सुमारे तीस किलोमीटरवर होते आणि तोवर उशीर झाला होता.

हे तीन आकडे फळ्यावर लिहून मुलांना विचारा : दुसरा आकडा एकटा पाहिला तर काय वाटते, आणि पहिल्याच्या शेजारी ठेवून पाहिला तर काय? मोजलेला आकडा बोलतो तो मागच्या आकड्याशेजारी ठेवल्यावरच.

टॉवरला बूच वर आलेले दिसले, तेव्हा ते नुसते परत ठोकून तो मोकळा झाला असता तर त्याला कुणी नावे ठेवली नसती. त्याने तिथे दाबमापक लावला. होडीच्या ट्रेलरवरची पारदर्शक टोपी ही त्या दाबमापकाचीच धाकटी बहीण आहे. आत काय चालले आहे ते दिसावे, एवढेच दोघींचे काम. आपल्या शाळेतल्या सायकली, पंपाची मोटर, शिलाईयंत्र यांच्याकडे मुलांना याच नजरेने पाहायला लावता येईल. कुठे करकर ऐकू येते, कुठे हाताला गरम लागते, कुठले तेल काळे पडले आहे? वंगणाचा नळा आता दिसत नाही, पण गाडीवानाचा तो सावध कान मात्र अजून हवा आहे.