कॉलेज सुटतं किती वाजता?

१८८७ साली पुण्यात मुलींच्या एका शाळेवरून वाद पेटला होता. ही शाळा महादेव गोविंद रानडे, रामकृष्ण गोपाळ भांडारकर, वामन आबाजी मोडक वगैरे मंडळींनी तीनच वर्षांपूर्वी, १८८४ मध्ये, काढली होती. आज आपण तिला हुजूरपागा म्हणतो. रानडे आणि भांडारकर दोघेही मुंबई विद्यापीठाच्या १८५९ च्या पहिल्याच मॅट्रिकमध्ये पास झालेले. मुलग्यांचं हायस्कूल जसं चालतं, तसंच मुलींचं चालावं, असा साधा हिशेब होता. शाळा दिवसभर, अकरा ते पाच.

टिळकांच्या गोटातल्या ‘मराठा’ या इंग्रजी साप्ताहिकाने त्यावर टीका केली. मुलींना मुलग्यांचाच अभ्यासक्रम कशाला, हा आक्षेप बहुतेकांनी कुठे ना कुठे वाचलेला असतो. दुसरा आक्षेप वेळेचा होता. मुलगी दिवसभर शाळेत राहिली तर घरची कामं शिकणार कधी आणि करणार कधी? त्यापेक्षा तीन तासांची शाळा पुरे.

टिळकांना शिव्या घालायला मी हे सांगत नाहीये. उलट मला तो दुसरा आक्षेप प्रामाणिक वाटतो. मुलीने काय शिकायचं हा प्रश्न शेवटी तिच्या घरातल्या तासांचा आहे, हे त्यात सरळ बोललं गेलं. पुढे असं सरळ कुणी बोललं नाही. तासांचा प्रश्न विषयांच्या नावाखाली गेला.

हे सगळं मी वाचायला लागलो त्याला कारण आहे. माझी चुलतबहीण यंदा दहावी झाली. साताऱ्याला आमचं घर, तिथे काका, काकू, ती आणि आजी. आजीला मागच्या वर्षी अर्धांगवायूचा झटका आला, उजवी बाजू गेली. दर दोन तासांनी कूस बदलायची, नाहीतर पाठीला जखमा होतात. पाणीसुद्धा घट्ट करून चमच्याने द्यायचं, नाहीतर ठसका लागतो. हे सगळं काकू करायची. एप्रिलमध्ये तिच्या कमरेची गादी सरकली आणि डॉक्टरांनी वजन उचलायला बंदी केली. आई-बाबांच्या नोकऱ्या पुण्यात. माझं ऑफिस मंगळवार-बुधवार, बाकीचे दिवस मी साताऱ्याहून काम करतो. एक कॉल म्यूट करून आजीची चादर बदलायचं तंत्र मला आता जमलंय.

अकरावीचे अर्ज आता राज्यभर ऑनलाइन. भाग एकमध्ये माहिती, भाग दोनमध्ये पसंतीक्रम, जास्तीत जास्त दहा कॉलेजं. घरात इंजिनिअर असल्याने फॉर्म भरायचं काम माझ्याकडे आलं. धाकटी म्हणाली, "दादा, सायन्स. मॅथ्स ठेवायचं, बायो सोडायचं." तिला गणितात खरंच गती आहे. काकू चहा ओतता ओतता म्हणाली, "आर्ट्स घेऊनही कलेक्टर होतात की. आणि आर्ट्स सकाळी असतं."

म्हणजे साडेसात ते बारा. सायन्सला प्रॅक्टिकल धरून अकरा ते पाच. १८८७ चा वाद जसाच्या तसा आमच्या ओट्यापाशी उभा होता.

मधल्या काळात हा वाद कुठून कुठून फिरून आला, ते बघण्यासारखं आहे. धोंडो केशव कर्व्यांनी १९१६ मध्ये महिला विद्यापीठ काढलं. जपानमधल्या महिला विद्यापीठाची माहितीपुस्तिका त्यांच्या हाती आली होती, त्यातून ही कल्पना सुचली. शिक्षण मातृभाषेतून, आणि अभ्यासात गृहशास्त्र, आरोग्यशास्त्र यांना मानाचं स्थान. कर्वे स्वतः फर्ग्युसनमध्ये गणिताचे प्राध्यापक! पण त्यांचा विचार व्यवहारी होता. मुलीला कॉलेजात पाठवायला घर तयार व्हायचं, तर ती घरच्याच उपयोगाचं शिकते आहे असं घराला दिसायला हवं. या तडजोडीमुळे हजारो जणी शिकल्या, हे नाकारता येत नाही. पण ‘मुलींचे विषय’ अशी एक वेगळी पेटीही तयार झाली.

स्वातंत्र्यानंतर त्या पेटीवर सरकारी शिक्का बसला. १९५२-५३ च्या मुदलियार आयोगाने माध्यमिक शाळेतच विषयांचे सात गट सुचवले : मानव्यविद्या, विज्ञान, तांत्रिक, वाणिज्य, शेती, ललित कला आणि गृहशास्त्र. कागदावर सातही दारं सगळ्यांना उघडी. त्यासोबत मुलींच्या शाळांत गृहशास्त्राची खास सोय करावी, अशीही शिफारस होती. आता ज्या शाळेत एकच प्रयोगशाळा बांधण्याइतके पैसे आहेत, ती कसली बांधेल?

आजीचं १९६४ चं एसएससीचं प्रमाणपत्र कपाटात सापडलं. तेव्हा एसएससी अकरावीला असे. विषयांत अंकगणित आहे, बीजगणित-भूमिती नाही. विज्ञानाच्या जागी ‘शरीरशास्त्र व आरोग्यशास्त्र’. आजीला ते दाखवलं. तिची जीभ अजून जड आहे, पण "मार्क बघ" एवढं कळलं. आरोग्यशास्त्रात बहात्तर. पुढे तिने सासूचं, मग आजोबांचं आजारपण काढलं. बहात्तर मार्कांचा पुरेपूर वापर झाला म्हणायचा.

ती एसएससी झाली त्याच वर्षी एका समितीचा अहवाल आला, तो आपल्याकडे जवळजवळ विसरला गेलाय. मुलगे आणि मुली यांचे अभ्यासक्रम वेगळे असावेत का, एवढ्याच प्रश्नासाठी नेमलेली समिती. अध्यक्ष हंसाबेन मेहता. मानवाधिकारांच्या जाहीरनाम्यात ‘ऑल मेन’ खोडून ‘ऑल ह्यूमन बीइंग्ज’ करायला लावणाऱ्या त्या याच. कर्व्यांच्या विद्यापीठाच्या त्या कुलगुरू होत्या, नंतर बडोद्याच्या सयाजीराव विद्यापीठाच्याही, आणि तिथे गृहशास्त्राची विद्याशाखा त्यांच्याच काळात उभी राहिली. म्हणजे या विषयाला कमी लेखणारी बाई नव्हे. तरीही समितीचं उत्तर स्पष्ट होतं : मुलगा-मुलगी म्हणून विषय वेगळे करू नका. घरकाम शिकवायचं असेल तर दोघांनाही शिकवा.

कोठारी आयोगाने (१९६४-६६) हे उचललं. आयोगाचे सदस्य-सचिव होते जे. पी. नाईक, आपल्या कोल्हापूर जिल्ह्यातले. पहिली दहा वर्षं गणित आणि विज्ञान सगळ्यांना सक्तीचं, शाखा निवडायची ती दहावीनंतरच, असं ठरलं. महाराष्ट्रात या नव्या रचनेतली दहावीची पहिली परीक्षा १९७५ मध्ये झाली. आपण ज्याला वैतागतो त्या १०+२+३ ने मुलींसाठी एक मोठी गोष्ट केली : बीजगणित न शिकता शाळेबाहेर पडण्याचा रस्ता अवघड केला. आजीला जे विषय मिळाले नाहीत ते काकूला मिळाले, धाकटीला तर पंच्याण्णव मार्कांनी मिळाले.

पण ‘दोघांनाही शिकवा’ हा अर्धा भाग कुठे गेला? अभ्यासक्रम दोघांचा एक झाला, घर मात्र तसंच राहिलं. २०१३ मध्ये मी अकरावीला गेलो तेव्हा आजोबा अंथरुणावर होते. कॉलेज किती वाजता सुटतं, हे मला कुणी विचारल्याचं आठवत नाही. बायफोकलला इलेक्ट्रॉनिक्स घेऊ की कॉम्प्युटर सायन्स, यावर मात्र घरात आठवडाभर चर्चा चालली होती.

म्हणून फॉर्म उघडण्याआधी मी एक्सेल उघडली. उभ्या रांगेत दिवसाचे तास, आडव्या रांगेत घरातली माणसं, प्रत्येक माणूस. सकाळचं स्पंजिंग ब्यूरोच्या मावशी करतात, ते भरलं. मी घरी असतो ते दिवस भरले. काकांच्या रकान्यात काकूने ‘दुकान’ लिहिलं होतं, नऊ ते नऊ. धाकटी बघत होती. म्हणाली, "बाबांचं दुकान एक ते चार बंद असतं की."

सगळे गप्प. साताऱ्यातली निम्मी बाजारपेठ त्या वेळात बंद असते आणि काका जेवून झोपतात. ते तीन तास आजवर कोणत्याही हिशेबात आले नव्हते. काका जरा घुटमळले. "मला जमेल का ते कूस बदलणं?" मी दाखवलं : आधी गुडघा वाकवायचा, मग खांदा आणि कंबर एकदम, ओढायचं नाही, लोटायचं. चौथ्या दिवशी जमलं. आजी त्यांना अजून हातानेच ‘हळू, हळू’ करते.

धाकटीच्या यादीत दहाही कॉलेजं सायन्सची आहेत. पहिल्या दोन पसंत्यांत फक्त अदलाबदल केली, कारण एक एसटी स्टँडपासून चालत जाण्यासारखं आहे. लॉक करायचं बटण काकूने दाबलं, चष्मा लावून, सगळं दोनदा वाचून.

मंगळवार-बुधवारचे चार ते साडेपाच अजून रिकामे आहेत. ब्यूरोला फोन केला, तर दीड तासासाठी बाई पाठवत नाहीत म्हणाले, कमीत कमी चार तास घ्यावे लागतील. ऑफिसात मॅनेजरशी त्या दोन दिवसांबद्दल सोमवारी बोलणार आहे.