पु. ल. देशपांडे आणि दूरचित्रवाणीचे आरंभपर्व

पु. ल. देशपांडे (१९१९–२०००) यांच्या वाङ्मयीन कर्तृत्वाचा आढावा घेताना त्यांच्या दूरचित्रवाणीतील कामगिरीचा उल्लेख बहुधा एखाद्या वाक्यात आटोपला जातो. विनोदकार, नाटककार, प्रवासवर्णनकार, संगीतज्ञ आणि नट अशा अनेक भूमिका लीलया वठविणाऱ्या लेखकाच्या बाबतीत असे व्हावे, हे स्वाभाविकच आहे. तथापि एका नव्या माध्यमाशी विनोदाचे नाते कसे जुळले आणि ते प्रारंभी का जुळू शकले नाही, हे समजून घेण्यासाठी हे छोटेसे पर्व मोलाचे आहे.

नभोवाणीत पाऊल ठेवले तेव्हा देशपांडे नवखे नव्हते. 'गुळाचा गणपती' (१९५३) या चित्रपटाची कथा, संवाद, संगीत व दिग्दर्शन त्यांचेच होते आणि प्रमुख भूमिकाही त्यांचीच होती. १९५५ च्या सुमारास ते आकाशवाणीच्या सेवेत आले. श्रोता समोर नसताना त्याच्याशी बोलण्याची कला ध्वनिक्षेपकापुढे साधावी लागते. विनोदाची तर तेथे कसोटीच लागते, कारण हशाची दाद कानी पडत नाही. पुढे बी.बी.सी.मध्ये दूरचित्रवाणीचे प्रशिक्षण घेण्यासाठी त्यांची निवड झाली आणि त्यांनी इंग्लंडमध्ये सुमारे वर्षभर वास्तव्य केले. या प्रवासाचे फळ म्हणजे 'अपूर्वाई' (१९६०). त्या सुमारास ब्रिटिश दूरचित्रवाणीवर विनोदी मालिका हा प्रकार स्थिरावत होता. टोनी हॅनकॉक यांचा नभोवाणीवर गाजलेला कार्यक्रम १९५६ मध्ये पडद्यावर आला होता आणि रे गॅल्टन व ॲलन सिम्प्सन हे त्याचे लेखक स्वतंत्र प्रतिष्ठा मिळवीत होते.

दिल्लीतील परिस्थिती सर्वस्वी वेगळी होती. १५ सप्टेंबर १९५९ रोजी राष्ट्रपती राजेंद्र प्रसाद यांच्या हस्ते प्रायोगिक प्रक्षेपणाचा आरंभ झाला. युनेस्कोच्या साहाय्याने उभ्या राहिलेल्या या उपक्रमाचे कार्यक्रम आठवड्यातून दोनच दिवस, तेही तासाभराचे असत; सामुदायिक संच मोजके आणि हेतू मुख्यतः लोकशिक्षणाचा. या आरंभकाळात देशपांडे निर्माते म्हणून काम करीत होते. पंतप्रधान जवाहरलाल नेहरू यांची दूरचित्रवाणीसाठी पहिली मुलाखत घेण्याचा मान त्यांच्याकडे जातो. परंतु विनोदाला लागणारा प्रेक्षकसमुदाय, नियमितपणा आणि मोकळीक यांपैकी त्या माध्यमाजवळ काहीच नव्हते. दैनंदिन प्रक्षेपण सुरू व्हायला १९६५ साल उजाडले आणि मुंबई केंद्र तर २ ऑक्टोबर १९७२ रोजी सुरू झाले. मराठी विनोदकाराला मराठी पडदाच उपलब्ध नव्हता.

अखेर देशपांडे यांनी सरकारी नोकरी सोडली आणि ते रंगभूमीकडे वळले. १९५८ मध्ये ग्रंथरूपाने आलेली 'बटाट्याची चाळ' १९६१ पासून एकपात्री प्रयोगाच्या रूपाने रंगमंचावर उभी राहिली. नेपथ्याचा पसारा नाही, पात्रांचा ताफा नाही. एकटा नट केवळ आवाजाच्या चढउताराने आणि मोजक्या हालचालींनी संपूर्ण चाळ जागी करतो. या तंत्रात ध्वनिक्षेपकापुढील शिस्त आणि पडद्याला साजेसा संयम दिसतो, असे म्हणण्यास जागा आहे. १९६२ मधील 'वाऱ्यावरची वरात' तर शीर्षकातूनच नभोवाणीचे स्मरण करून देते. माध्यम सुटले, पण माध्यमाने दिलेले शिक्षण सुटले नाही.

या वियोगाला आणखी एक बाजू आहे. आणीबाणीच्या काळात (१९७५–७७) आकाशवाणी आणि दूरदर्शन ही सत्तेचीच वाणी बनली. १९७७ च्या निवडणुकीत देशपांडे यांनी जनता पक्षाच्या व्यासपीठांवरून लोकशाहीच्या बाजूने भाषणे केली आणि त्यांना अफाट गर्दी लोटली. ज्याने त्या माध्यमाच्या पायाभरणीत हातभार लावला, त्याला मनातले बोलण्यासाठी उघडे मैदान गाठावे लागले. सत्तेच्या आश्रयाने विनोद जगतो. पण सत्तेकडे पाहून हसण्याची मुभा नसेल, तर तो केवळ करमणूक होऊन उरतो.

दूरदर्शनवर विनोदाला घर मिळाले ते पुढे. चिं. वि. जोशी यांचे चिमणराव आणि गुंड्याभाऊ दिलीप प्रभावळकर व बाळ कर्वे यांच्या रूपाने मुंबई केंद्रावरून घरोघर पोहोचले. राष्ट्रीय वाहिनीवर १९८४ मध्ये शरद जोशी यांच्या लेखणीतून उतरलेली 'ये जो है जिंदगी' ही मालिका लोकप्रिय झाली. तोवर संच वाढले होते, प्रायोजक आले होते आणि लेखकाला आठवड्यागणिक भेटणारा प्रेक्षक लाभला होता. देशपांडे यांना १९५९ मध्ये यांतले काहीही मिळाले नव्हते. दूरचित्रवाणीने एक थोर विनोदकार वेळेआधी हाती घेतला आणि वेळ येण्यापूर्वीच गमावला. मराठी रंगभूमी मात्र त्यामुळे समृद्ध झाली.