बलुत्यापासून पक्क्या बिलापर्यंत

"छोट्या धंद्याला कर माफ आहे, मग नोंदणी आणि पक्के बिल हवे कशाला?" हा प्रश्न आम्हाला आपल्याच वस्त्यांत वारंवार ऐकू येतो. विचारणारे आपलेच भाऊबंद असतात. कोणी चपला शिवतो, कोणी बॅगा बनवतो, कोणी जेवणाच्या ऑर्डरी घेतो. या प्रश्नाचे उत्तर आजच्या नियमांत शोधण्याआधी इतिहासात शोधावे लागते.

गावगाड्यात चांभार मोट शिवत होता, महार गावची पडेल ती कामे करत होता. मोबदला म्हणून सुगीला बलुते मिळे, तेही देणाऱ्याच्या मर्जीवर. कामाला भाव नव्हता, म्हणून पावतीही नव्हती. बलुते बुडाले तर दाद मागायला हातात कागद नसे. १९२८ साली बाबासाहेबांनी मुंबई कायदेमंडळात वतनाच्या कायद्यात दुरुस्ती करणारे विधेयक मांडले. बलुत्याऐवजी रोख रकमेत मोबदला मिळावा, ही त्यातली एक मुख्य मागणी होती. श्रमाची किंमत आकड्यात मांडली गेली पाहिजे, हा त्या मागणीचा अर्थ आम्ही घेतो.

त्याआधी वर्षभर, १९२७ च्या अर्थसंकल्पावर बोलताना, त्यांनी करपद्धतीवरच बोट ठेवले होते. उत्पन्न कमी असेल तर प्राप्तिकर माफ होतो, पण शेतसारा मात्र दोन बिघे असणाऱ्यालाही चुकत नाही, हा न्याय कसला? कर कोण भरतो यापेक्षा कराचा भार शेवटी कोणावर पडतो हे पाहा, असे हा अर्थतज्ज्ञ सांगत होता. विक्रीकराचा इतिहास याच दृष्टीने वाचायला हवा.

१९३५ च्या कायद्याने मालाच्या विक्रीवर कर बसवण्याचा अधिकार प्रांतांना दिला. १९३९ साली मद्रास प्रांताने सर्वसाधारण विक्रीकर आणला. दारूबंदीमुळे बुडालेला महसूल भरून काढायचा होता. मुंबई प्रांतात १९४६ साली असा कायदा झाला, पुढे १९५९ चा मुंबई विक्रीकर कायदा आला. २००५ पासून महाराष्ट्रात व्हॅट आणि १ जुलै २०१७ पासून देशभर जीएसटी लागू झाला. कराचे नाव बदलत गेले, पण एक गोष्ट कायम राहिली. ठरावीक उलाढालीच्या वर गेलेल्या दुकानदाराला नंबर मिळाला, आणि त्याला माल बनवून देणारा कारागीर बिननंबरचा राहिला.

आज महाराष्ट्रात फक्त मालाचा व्यापार करणाऱ्याला वार्षिक ४० लाखांपर्यंत आणि सेवा देणाऱ्याला २० लाखांपर्यंत नोंदणी सक्तीची नाही. ही सवलत योग्यच आहे. पण तिला करमाफी म्हणणे ही फसवणूक आहे. चप्पल शिवणारा चामडे, सोल्युशन, दोरा विकत घेतो तेव्हा त्यावरचा कर भरतोच. नोंदणीकृत व्यापाऱ्याला खरेदीवर भरलेला कर विक्रीच्या करातून वजा करून मिळतो. बिननोंदणीच्या कारागिराला तो मिळत नाही. त्याला माफी असते ती फक्त कागदाची.

दुसरी गोष्ट भावाची. व्यापारी म्हणतो, "तुझ्याकडे पक्के बिल नाही, मला वजावट मिळत नाही, भाव कमी कर." मग कारागीर कच्च्या चिठ्ठीवर माल देतो आणि तोच माल पुढे व्यापाऱ्याच्या पक्क्या बिलावर, व्यापाऱ्याच्या नावाने विकला जातो. बलुत्याची गोष्ट याहून वेगळी होती का?

काही कार्यकर्ते म्हणतील, नोंदणी म्हणजे नसती कटकट. त्यात तथ्य आहे. अर्जाला सरकारी फी नाही, पण जागेचा पुरावा लागतो, आणि झोपडपट्टीत लाइट बिल अनेकदा दुसऱ्याच्या नावावर असते. विक्री शून्य असली तरी विवरणपत्र भरावे लागते, उशीर झाला तर दिवसाला २० रुपये विलंब शुल्क. दीड कोटीपर्यंत उलाढाल असणाऱ्यांसाठी काँपोझिशन योजना आहे. माल बनवणाऱ्याला आणि विकणाऱ्याला उलाढालीवर एक टक्का कर, हिशेबही सोपा. पण त्यात ग्राहकाकडून कर घेता येत नाही, आपल्याला आणि घेणाऱ्या व्यापाऱ्यालाही वजावट मिळत नाही आणि परराज्यात माल विकता येत नाही. म्हणून प्रत्येकाने डोळे मिटून नंबर घ्यावा, असे आम्ही म्हणत नाही. किरकोळ गिऱ्हाइकाला माल विकणाऱ्याचा हिशेब वेगळा, व्यापाऱ्याला माल देणाऱ्याचा वेगळा.

मात्र बिल लिहायला नोंदणी लागत नाही. अनुक्रमांक, तारीख, घेणाऱ्याचे नाव, मालाचा नग आणि भाव लिहिलेले साधे बिलबुक आजपासून ठेवता येते. त्यावर कर तेवढा लावायचा नाही. बँकेत कर्जासाठी उभे राहताना उलाढालीचा पुरावा लागतो. केंद्र सरकारच्या खरेदी धोरणात अनुसूचित जाती-जमातींच्या उद्योगांसाठी ४ टक्के वाटा ठेवला आहे, तो मागायलाही कागदच लागतात. ज्याच्याकडे कागद नाही, त्याच्या वाट्याचे दुसराच कोणी घेऊन जातो.

आमचे म्हणणे दोन वाक्यांत सांगतो. सरकारने वस्तीतल्या जागेचा पुरावा सोपा करावा आणि कच्च्या मालावर कारागिराने भरलेला कर त्याला परत मिळण्याची वाट काढावी. आणि आपण विहारात महिन्यातला एक रविवार बिलबुक आणि हिशेब शिकवायला द्यावा.

आपल्या आज्यापणज्यांच्या श्रमाची पावती कोणी दिली नाही. आपली पावती आता आपणच फाडायची आहे.

जय भीम.